टियानाचे केस मुळात कसे होते?

(द्वितीय वर्ष, कला शाखा)

गेल्या सत्रात इंग्रजीच्या सरांनी 'मॅकबेथ' शिकवताना एका निबंधाची गोष्ट सांगितली. एल. सी. नाइट्स या समीक्षकाने १९३३ साली हा निबंध लिहिला आणि त्याला नाव दिले, 'लेडी मॅकबेथला मुले किती होती?' नाव अर्थातच थट्टेचे. नाटकातली माणसे शब्दांची बनलेली असतात, शब्द संपले की तीही संपतात. त्यांच्या मुलाबाळांची शिरगणती करणे हे समीक्षेचे काम नव्हे, असा त्या थट्टेचा रोख. सर म्हणाले, "चित्रातल्या घराच्या परसात काय आहे ते पाहायला कोणी कागद उलटतो का?" वर्ग हसला. मीही हसले, पण मनातून ओशाळले. कारण त्याच आठवड्यात मी नेमका कागद उलटण्याचा उद्योग करीत होते. त्यातून माझा प्रश्न शेक्सपिअरच्या नायिकेचा नव्हता. कार्टूनमधल्या एका मुलीच्या केसांचा होता. भर वर्गात उठून बोलण्याचे धैर्य झाले नाही, म्हणून हा लेखनप्रपंच.

ही मुलगी म्हणजे टियाना. डिस्ने कंपनीच्या २००९ सालच्या 'द प्रिन्सेस अँड द फ्रॉग' या हाताने रेखाटलेल्या चित्रपटाची नायिका. दिग्दर्शक रॉन क्लेमेंट्स आणि जॉन मस्कर. कथा घडते अमेरिकेतील लुइझियाना राज्यात, न्यू ऑर्लिन्स शहरात, १९२० च्या दशकात. टियाना कृष्णवर्णीय, साध्या घरची. आई शिवणकाम करते, वडील महायुद्धात गेलेले. दिवसरात्र खाणावळींतून वाढपिणीचे काम करून ही मुलगी डब्यात नाणी साठवते, कारण तिला स्वतःचे उपाहारगृह काढायचे आहे. (मला ती आवडली ती या डब्यांमुळे. आमच्याही घरी माझ्या फीचे पैसे डाळीच्या डब्यातच असतात.) डिस्नेच्या राजकन्यांच्या मांदियाळीत तिच्याआधी एकही कृष्णवर्णीय नायिका नव्हती. त्यामुळे तिकडच्या कृष्णवर्णीय बायकामुलींनी तिचा एकेक तपशील डोळ्यांत तेल घालून पाहिला. चित्रपट तयार होत असताना प्रथम तिचे नाव मॅडी होते आणि काम मोलकरणीचे. त्यावर टीका झाली आणि दोन्ही बदलले. एवढे सारे झाल्यावर केस तरी कसे सुटणार?

आता पडद्यावर काय दिसते ते पाहू. कथेच्या आरंभी टियाना लहान असते. तेव्हा तिचे केस डोक्याच्या दोन्ही बाजूंना बांधलेल्या गुबगुबीत झुपक्यांसारखे दिसतात. मोठेपणी मात्र ते चापूनचोपून मागे नेऊन बांधलेले. गुळगुळीत, आणि कपाळाशी एखादे मऊ, नागमोडी झुलूप. कामावर असो की नाचाच्या समारंभात, केस बांधलेलेच. पाठीवर मोकळे सोडलेले असे ते जवळजवळ दिसतच नाहीत. आणि यात भर म्हणजे निम्म्याहून अधिक चित्रपट ती बेडकीच्या रूपात वावरते. बेडकीला केस नसतात! तेव्हा पुरावा फार थोडा. परंतु पुरावा थोडा असला म्हणजे तर्क थोडे असतात असे नाही, उलट वाढतात, हे इतिहासाच्या विद्यार्थ्यांना सांगायला नको.

लहानपणीचा झुपका आणि मोठेपणीचा गुळगुळीतपणा यांच्यामध्ये झाले काय, हा वादाचा मुद्दा. चाहत्यांचे तर्क पुष्कळ असले तरी त्यांचे ओघ तीनच आहेत.

पहिला तर्क असा की, टियानाचे केस मुळात घट्ट वळ्यांचे, आफ्रिकी वंशाच्या बहुसंख्य लोकांचे असतात तसेच आहेत आणि ती ते गरम फणीने सरळ करते. या तर्काला काळ आणि स्थळ दोन्ही साक्ष देतात. लोखंडाची किंवा पितळेची फणी चुलीवर तापवायची, केसांना तेलकट मलम लावायचे आणि फणी मुळापासून टोकापर्यंत ओढत न्यायची, ही पद्धत त्या काळी घरोघर होती. ती पसरवण्यात मोठा वाटा मॅडम सी. जे. वॉकर या बाईचा. तिचे माहेरचे नाव सेरा ब्रीडलव्ह. जन्म १८६७ चा, त्याच लुइझियाना राज्यातल्या डेल्टा गावचा. आईवडील गुलामगिरीत राबलेले. ही धुणी धुऊन पोट भरणारी. डोक्यावरचे केस गळू लागले म्हणून उपाय शोधता शोधता ती मलमांच्या धंद्यात पडली, १९१० मध्ये तिने इंडियानापोलिसला बस्तान हलवून तेथे कारखाना घातला आणि १९१९ मध्ये वारली तेव्हा अमेरिकेतल्या धनाढ्य स्त्रियांत तिची गणना होत होती. गरम फणीचा शोध तिचाच, असे पुष्कळ ठिकाणी लिहिलेले आढळते. ते बरोबर नाही. फणी आधीची होती. आपण केस सरळ करीत नाही, केसांचे आरोग्य सुधारतो, असाच तिचा आग्रह असे. असो. सांगायचे ते एवढेच की, १९२० च्या दशकात न्यू ऑर्लिन्समध्ये नोकरी करणाऱ्या कृष्णवर्णीय तरुणीच्या घरी चुलीजवळ अशी फणी असणे ही अगदी रोजची गोष्ट होती.

या तर्कावर एक मोठी शंका घेतली जाते, आणि ती घेणाऱ्याला रसायनशास्त्राची पाठराखण आहे. केस केराटिन नावाच्या प्रथिनाचा बनलेला असतो. त्याच्या साखळ्या काही पक्क्या बंधांनी जोडलेल्या असतात आणि काही कच्च्या. पक्के बंध गंधकाचे, कच्चे हायड्रोजनचे. उष्णतेने कच्चे बंध सुटतात. केस ताणून धरला की ताणलेल्या स्थितीत ते पुन्हा जुळतात आणि केस सरळ राहतो. पण पाण्याचा थेंब लागला, हवेत दमटपणा आला, की ते पुन्हा सुटतात आणि केस मूळ पदावर येतो. न्यू ऑर्लिन्स हे मिसिसिपी नदीकाठचे, चहूकडून दलदलीने वेढलेले शहर. तिथल्या घामट हवेत, त्यातही खाणावळीच्या मुदपाकखान्यात राबणाऱ्या मुलीचे केस फणीने सरळ केलेले टिकतील कसे? दलदलीत पोहून, भिजून ती पुन्हा माणूस होते तेव्हाही केस जिथल्या तिथे!

याला उत्तरेही तयार आहेत. दलदलीत केस नव्हतेच, बेडकी होती. आणि मुदपाकखान्याचे म्हणाल, तर म्हणूनच ती केस घट्ट बांधून ठेवते. मोकळे सोडले असते तर तासाभरात वळ्या परतल्या असत्या. मला हे उत्तर फार पटले. यात बांधलेला अंबाडा हाच पुरावा होतो. जे दिसत नाही त्याचे कारण जे दिसते त्यात सापडते.

दुसरा तर्क असा की, टियानाचे केस मुळातच नागमोडी असावेत. न्यू ऑर्लिन्स हे फ्रेंच, स्पॅनिश, आफ्रिकी आणि मूळ रहिवासी अशा अनेक वंशांचे शहर. मिश्र वंशाच्या क्रिओल लोकांची वस्ती तिथे जुनी. तेव्हा तिच्या पूर्वजांत असे काही असणे अशक्य नाही. शिवाय वयात येताना केसांचा पोत बदलतो, एकाच घरातल्या दोन भावंडांचे केस दोन तऱ्हेचे असतात. हे सारे खरे आहे. परंतु चित्रपटात या तर्काला आधार देणारा एकही शब्द नाही. या तर्काने कोडे सुटत नाही, कोडेच नव्हते असे ठरते. हा तर्क मला तिघांत लुळा वाटतो, आणि तो काहींना इतका प्रिय का, याचा विचार केला की मन थोडे खट्टू होते.

केसांच्या या चर्चेत चाहते 'तीन सी', 'चार ए' अशी सांकेतिक भाषा वापरतात. मला ती प्रथम बसच्या क्रमांकासारखी वाटली! ही वर्गवारी आंद्रे वॉकर या केशरचनाकाराची, १९९० च्या दशकातली. एक म्हणजे सरळ, दोन नागमोडी, तीन कुरळे, चार घट्ट वळ्यांचे. पुढे अक्षरांनी पोटभेद. गंमत अशी की, हे वॉकर ऑप्रा विन्फ्री यांचे केशरचनाकार होते, आणि टियानाच्या आईला, युडोराला, आवाज ऑप्रा विन्फ्रींनीच दिला आहे. म्हणजे मुलीचे केस ज्या फूटपट्टीने मोजायचे, ती फूटपट्टी आईच्या आवाजाच्या घरातूनच आली. या वर्गवारीवरही आक्षेप आहे. मोजणी सरळ केसांपासून का सुरू व्हावी आणि घट्ट वळ्यांचे केस शेवटच्या बाकावर का बसावेत? प्रश्न रास्त आहे. पण सोय म्हणून लोक ती वापरतात, आपण शाळेत तुकड्या वापरतो तशा.

तिसरा तर्क कथेबाहेरचा. तो म्हणतो, टियानाला केस नाहीतच, रेषा आहेत. हाताने काढलेल्या चित्रपटात एका सेकंदासाठी बारा ते चोवीस चित्रे लागतात. प्रत्येक वळी प्रत्येक चित्रात पुन्हा काढायची म्हणजे किती हात मोडायचे? चित्रकारांनी श्रम वाचवण्यासाठी केस चापून बांधून टाकले, आणि आपण मात्र फण्या आणि हवामान यांचा खल करीत बसलो आहोत. सरांना हा तर्क आवडेल, कारण तो नाइट्सच्या बाजूचा आहे.

मला तो अर्धाच खरा वाटतो. याच दोन दिग्दर्शकांनी १९८९ मध्ये 'द लिटल मर्मेड' केला. त्यातल्या एरिअल या जलपरीचे लाल केस पाण्यात सतत तरंगत असतात. पाण्यातले केस कसे हलतील हे कळावे म्हणून त्या वेळी सॅली राइड या अंतराळवीर बाईंचे अंतराळातले चित्रीकरण अभ्यासले गेले होते. म्हणजे मनात आले तर केसांसाठी अंतराळापर्यंत जाण्याची तयारी होती! पुढे २०१२ मध्ये पिक्सार या कंपनीने 'ब्रेव्ह' चित्रपटातील मेरिडा या स्कॉटिश मुलीच्या लालभडक कुरळ्या केसांसाठी संगणकाची नवी प्रणालीच तयार केली. तिच्या एकेक वळीने झेप घ्यावी, पुन्हा जागेवर यावे, म्हणून केवढा खटाटोप. तेव्हा श्रम हे कारण खरे, पण कोणाच्या केसांसाठी श्रम घ्यायचे हे कोणीतरी ठरवतेच. चोरून वाईट हेतूने ठरवते असे मी म्हणत नाही. हाताला ज्याची सवय असते, ते हात आधी काढतो.

इथपर्यंत आल्यावर मी ज्या गोष्टीपाशी अडखळले, ती चित्रपटात नाहीच. पण त्या शहरात आहे. १७८६ साली लुइझियाना स्पेनच्या ताब्यात होते. एस्तेबान मिरो हा तिथला गव्हर्नर. त्याने हुकूम काढला की, कृष्णवर्णीय आणि मिश्रवर्णीय स्त्रियांनी केसांत पिसे वा दागिने घालू नयेत आणि डोक्याला रुमाल बांधावा. या रुमालाला 'तिन्यों' म्हणत. यातल्या पुष्कळ बायका गुलाम नव्हत्या. स्वतंत्र होत्या, कमावत्या होत्या. त्यांच्या केशरचना इतक्या देखण्या असत की, त्या डोळ्यांत खुपू लागल्या. दर्जा दिसावा म्हणून डोके झाकायचे. बायकांनी हुकूम पाळला, पण असा पाळला की रुमालच रेशमी झाले, रंगीबेरंगी झाले, त्यांच्या बांधणीच्या नाना तऱ्हा निघाल्या आणि रुमाल हीच शोभा झाली. हे मी वाचले तेव्हा वाचनालयात एकटीच हसले आणि ग्रंथपालांनी वर पाहिले.

टियाना तिन्यों बांधत नाही. पण तिच्या शहरातल्या बाईच्या डोक्यावरचे केस झाकणे, बांधणे, चापणे यांना असा पावणेदोनशे नव्हे, चांगला सव्वादोनशे वर्षांचा मागमूस आहे, २००९ पर्यंत मोजला तर. आणि पुढेही तो थांबला नाही. केसांच्या नैसर्गिक पोतावरून किंवा वेण्यांवरून शाळेत, नोकरीत कोणाला डावलू नये, असा कायदा अमेरिकेत प्रथम कॅलिफोर्निया राज्याने २०१९ मध्ये केला. लुइझियानाने तो २०२२ मध्ये केला. मिरोच्या हुकमापासून त्या कायद्यापर्यंत २३६ वर्षे झाली. 'मुळात केस कसे' हा प्रश्न तिकडच्या मुली का सोडत नाहीत, हे मला या आकड्याने समजले.

चाहत्यांच्या या वेडाचा एकदा प्रत्यक्ष परिणामही झाला. २०१८ मध्ये 'राल्फ ब्रेक्स द इंटरनेट' या चित्रपटात डिस्नेच्या साऱ्या राजकन्या एकत्र येणार होत्या. पूर्वप्रसिद्धीची दृश्ये बाहेर आली आणि ओरड झाली: टियाना उजळ दिसते, नाक बारीक झाले आहे, ही आमची टियाना नव्हे! तेव्हा टियानाला आवाज देणाऱ्या ॲनिका नोनी रोझ यांचा आणि 'कलर ऑफ चेंज' या संघटनेचा सल्ला घेऊन डिस्नेने तिचे रूप पुन्हा घडवले. प्रदर्शित चित्रपटात राजकन्या घरच्या साध्या कपड्यांत निवांत बसलेल्या आहेत आणि तिथे टियानाचे केस उघडउघड कुरळे आहेत. पहिल्या तर्कवाल्यांनी अर्थातच विजय साजरा केला: सुट्टीच्या दिवशी फणी तापवलेली नाही, एवढाच त्याचा अर्थ! तिसऱ्या तर्कवाले म्हणाले, चित्रकार बदलले. दोघेही आपापल्या जागी बरोबर असावेत.

माझे मत विचाराल तर मी पहिल्या तर्काच्या बाजूची आहे, आणि सरांच्या क्षमेने नाइट्सच्या थोडी विरुद्ध. लेडी मॅकबेथची मुले शोधणारा नाटकाबाहेर जाऊन कुठेच पोचत नाही. टियानाच्या केसांचा माग काढणारी मुलगी मात्र चित्रपटाबाहेर जाऊन एका खऱ्या स्वयंपाकघरात पोचते. तिथे चूल आहे, तापलेली फणी आहे, मलमाचा वास आहे, आणि कान भाजू नये म्हणून हाताने दुमडून धरलेला कोणा नातीचा कान आहे. हे तिने पुस्तकातून घेतलेले नसते. ते घरात पाहिलेले असते. आपल्या घरचे ज्ञान हा पुरावा म्हणून मांडता येतो, हे मला या चर्चेतून प्रथम कळले. आमच्या घरात माझ्याआधी कोणी महाविद्यालयात आले नाही. निबंध लिहायचा म्हणजे घर बाहेर ठेवूनच वर्गात शिरायचे, अशी माझी आतापर्यंतची समजूत होती.

एक खुलासा करते. माझेही केस कुरळे आहेत, पण माझ्या केसांचा इतिहास तो टियानाचा इतिहास नव्हे. आमच्या डोक्यावर कोणा गव्हर्नराचा हुकूम नव्हता. होत्या त्या शाळेतल्या दोन घट्ट वेण्या आणि लाल रिबिनी. प्रार्थनेच्या वेळी एक बाई माझे पिंजारलेले केस पाहून मला नळावर पाठवीत आणि पाणी लावून बसवून यायला सांगत. केराटिनचे बंध त्या वेळी मला ठाऊक असते तर निदान एवढे तरी सांगता आले असते की, बाई, पाण्याने ते अधिकच वर येतील. घरी आई खोबरेल तेल चोपडून वेणी घाली ती दुसऱ्या दिवसापर्यंत. माझी मावशी म्हणे, कुरळ्या केसांची पोर हट्टी निघते. त्यामुळे हट्टही वेणीत बांधला जाई. दोन वर्षांपूर्वी मामेबहिणीच्या लग्नात पार्लरमध्ये केस सरळ करून घेतले. हळदीच्या दिवशी पाऊस आला आणि सारे मूळ पदावर!

हा लेख लिहायला घेतला तेव्हा लक्षात आले की, टियानाबद्दल मी तीन तर्क सांगू शकते. माझे स्वतःचे केस तेल, पाणी, वेणी यांपैकी काहीच नसताना कसे दिसतात ते मी एकोणीस वर्षांत पाहिलेले नाही. म्हणून मागच्या रविवारी शिकेकाईने न्हाले आणि विंचरले नाही. ओट्यावर उन्हात बसून राहिले. वाळायला दोन तास लागले. हळूहळू एकेक बट वर चढत गेली, बोटाभोवती दोरा गुंडाळावा तशी. आई शेतातून आली, पाटी खाली ठेवली आणि उभीच राहिली. मला वाटले, ओरडणार.

"तुझ्या आजीचे अस्सेच होते गं," ती म्हणाली.

आजी मला आठवते. ती गेली तेव्हा मी नववीत होते. नऊवारी, कपाळावर गोंदण, आणि डोक्यावरून कधीही न ढळलेला पदर. तिचे केस मी कधी पाहिलेच नव्हते. मी आईला विचारले, आजीचा एखादा फोटो आहे का. एक आहे म्हणाली, रेशनकार्डावरचा. त्यातही पदरच आहे.